चार हजार आयर्न ओर, तरी स्टील का होत नाही?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुला लगेच दिसेल. तू कराडला इंजिनिअरिंगला आहेस, ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ फोनवर खेळतोस, पैसे भरून मिळणारी मेंबरशिप घेतलेली नाही. खेळातल्या बँकेत ४,००० आयर्न ओर (लोखंडाचं खनिज), ६०० कोळसा, शिवाय गाईची कातडी, ओकची लाकडं, हाडं असा बराच माल साठलाय. स्टीलच्या प्लेटबॉडी (छातीची चिलखतं) बनवून स्मिथिंग, म्हणजे लोहारकामाची लेव्हल, वाढवायचं ठरवलंयस, पण भट्टीपाशी बसलं की कोळसा संपतो आणि पुन्हा खाण गाठावी लागते. इन्व्हेंटरी, म्हणजे अंगावरची पिशवी, तर बघता बघता भरते. म्हणून विचारतोयस की सगळं विकून मोकळा होऊ, की असंच साठवत राहू? वयाने लहान आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते.

घोडं कुठे पेंड खातंय ते आधी बघू. स्टीलच्या एका बारला (कांबीला) एक आयर्न ओर आणि दोन कोळसे लागतात. तुझ्याकडे कोळसा ६००, म्हणजे बार ३००. एका प्लेटबॉडीला पाच बार, म्हणजे प्लेटबॉडी ६०. बँकेत ४,००० चा आकडा दिसत असला तरी तुझ्या कामाच्या दृष्टीने त्यातले ३०० ओरच जिवंत आहेत. बाकीचे ३,७०० कोळशाची वाट बघत पडून आहेत, आणि त्यांना ७,४०० कोळसा हवाय. तू खाणीत परत गेलास की सवयीने जवळचं आयर्नच खोदून आणत असणार, कारण ते पटकन निघतं. त्याने अडचण आणखी वाढते. कच्चा माल मोजायचा तो नेहमी बनवायच्या वस्तूच्या बाजूने, उलटा. किती प्लेटबॉडी हव्यात, त्याला किती बार, त्या बारांना काय काय आणि किती. खाणीच्या बाजूने मोजायला लागलं की आकडे फुगतात आणि वस्तू एक बनत नाही.

मी सांगलीत बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते. तिथे माल पडून राहिला की भाडं चढतं, त्यामुळे पडून असलेला प्रत्येक बॉक्स मालकाच्या डोळ्यांसमोर असतो. या खेळातल्या बँकेत भाडं नाही, माल खराब होत नाही आणि एका खान्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंत कितीही नग राहतात. म्हणूनच साठवण्याचा खर्च कुणाला दिसत नाही. तो खर्च असतो तुझ्या वेळेचा. आयर्नच्या त्या फेऱ्या तू कोळशासाठी मारल्या असत्यास तर आज भट्टी चालू असती.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण त्यावर उत्तर बदलतं. पहिलं, तुझं खातं आयर्नमॅन आहे का? असेल तर ग्रँड एक्स्चेंज, म्हणजे खेळाडूंचा खरेदी-विक्रीचा बाजार, तुला बंद आहे, कुणाकडून काही घेता येत नाही, आणि खाली खरेदी-विक्रीचं जे लिहिलंय ते सोडून दे. दुसरं, तुला नक्की काय हवंय, लेव्हल की पैसा? हे दोन रस्ते वेगळे आहेत, आणि इथे अनेकांची गफलत होते. पाच स्टील बारांचा बाजारभाव बहुतेक वेळा एका स्टील प्लेटबॉडीपेक्षा जास्त असतो. म्हणजे प्लेटबॉडी बनवताना तू पैसा कमवत नाहीस, पैसे मोजून अनुभव, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, विकत घेतोस. एका प्लेटबॉडीला १८७.५ अनुभव मिळतो, त्याची ती किंमत. पैसाच हवा असेल तर ओर कच्चाच विक, हातोडा उचलूच नकोस. तू स्मिथिंग वाढवायचंय असं स्पष्ट लिहिलंयस, म्हणून पुढचं सगळं ते धरून सांगते. तिसरं, स्टीलची प्लेटबॉडी स्मिथिंग ४८ ला होते. तिथवर पोचला नसशील तर तोवर जी वस्तू होते ती बनव. स्टीलच्या कामात एका बारमागे अनुभव तोच, ३७.५.

आयर्नबद्दल एक गोष्ट लक्षात घे, कारण ढीग बघून साध्या आयर्नचेच बार पाडावेत असं वाटू शकतं. साध्या भट्टीत आयर्न बार पाडताना निम्मे ओर वाया जातात, ४,००० चे जेमतेम २,००० बार हाती लागतात. त्याच ओरमध्ये कोळसा घालून स्टील केलं तर एकही वाया जात नाही. रिंग ऑफ फोर्जिंग ही जादूची अंगठी घातली की आयर्नही वाया जात नाही, पण एक अंगठी १४० ओरपुरतीच. तुझ्याइतका साठा असताना मी आयर्न बारच्या वाटेला जाणार नाही.

आता इन्व्हेंटरी. या खेळात बँक मोठी आहे, पिशवी लहान आहे आणि सगळा खेळ त्या पिशवीचा आहे. खाने २८. ओर, कोळसा, बार, लाकूड, कातडं, यातलं काहीही पिशवीत एकावर एक रचत नाही, प्रत्येक नगाला एक खाना. रचतात ती रून (जादूला लागणारे दगड), बाण, पिसं, नाणी आणि नोटा. बँकेतून ‘नोट’ चालू करून माल काढलास तर हजार ओर एका खान्यात बसतात, पण ती नुसती पावती असते. ती विकता येते, दुसऱ्याला देता येते, भट्टीत घालता येत नाही. त्यामुळे खाणीत आणि भट्टीपाशी तुझी खरी कमाई ‘एका फेरीत किती’ यावर ठरते.

स्टीलचीच फेरी बघ. बरेच जण अर्धं-अर्धं म्हणून १४ ओर आणि १४ कोळसे घेऊन निघतात. त्यात बार होतात सात, आणि सात ओर जसे गेले तसे परत येतात. ९ ओर आणि १८ कोळसे घेतलेस तर ९ बार होतात आणि एक खाना मोकळा राहतो. दीड हजार बारांच्या हिशेबात हा फरक जवळपास पन्नास फेऱ्यांचा पडतो. फोनवर हे असं लाव: बँकेच्या पडद्यावर खाली १, ५, १०, एक्स, ऑल असे पर्याय असतात. एक्समध्ये ९ टाकून ठेव. आधी ओरवर एक टॅप, ९ निघाले. मग ऑलवर जाऊन कोळशावर टॅप, तो उरलेले १९ खाने भरतो. भट्टीत १८ जळतात, एक कोळसा उरतो. त्याला हात लावू नकोस, पिशवीतच राहू दे. पुढच्या फेरीला फक्त बार जमा कर, ९ ओर काढ, कोळसा ऑलवर दाब, पुन्हा बरोबर १९. मोजायचं काही उरत नाही, बोटाला सवय लागते आणि डोळे फोनवर खिळवून बसावं लागत नाही. भट्टी एजव्हिल गावची वापर, तिथे बँक आणि भट्टी दोन्ही हाताशी आहेत. अल खरीदचीही चालेल.

खाणीत असताना कुदळ हातात धर, पिशवीत ठेवू नकोस. हातात धरायला अटॅकची लेव्हल लागते, मिथ्रिल धातूच्या कुदळीला २०, अ‍ॅडमंटला ३०, रून नावाच्या धातूच्या कुदळीला ४०. मायनिंग वाढलेलं आणि अटॅक मागे राहिलेलं अशी बरीच खाती मी बघते, मग कुदळ पिशवीत एक खाना अडवून बसते. २८ ऐवजी २७. ऐकायला काहीच नाही वाटत, पण ७,४०० कोळसा खोदायचा म्हटलं तर २६५ फेऱ्यांच्या २७५ होतात. थोडा अटॅक वाढवून घेणं परवडतं.

पण ७,४०० कोळसा खोदूच नकोस, हे माझं स्पष्ट मत आहे. आयर्नमॅन नसशील तर जास्तीचं आयर्न विकून कोळसा घे. दोन्हींचा भाव सारखा आहे असं क्षणभर धरू. विक्रीवर २ टक्के कर जातो (डिसेंबर २०२१ ला तो १ टक्का म्हणून आला, २०२५ मध्ये २ झाला, ५० नाण्यांखालच्या वस्तूला लागत नाही). कर धरून गणित असं बसतं, की साधारण २,४८४ ओर विकायचे, त्यातून २,४३० च्या वर कोळसा येतो, तुझे आधीचे ६०० मिळून तीन हजारांवर गेला, आणि हातात उरलेल्या १,५१६ ओरना तो पुरतो. ६० प्लेटबॉडीच्या जागी ३०३ झाल्या, खाणीत एकही फेरी न मारता. प्रत्यक्षात कोळसा आयर्नपेक्षा महाग असेल तर ओर थोडे जास्त विकावे लागतील, स्वस्त असेल तर कमी. त्या दिवशीचे भाव बघून आकडा बदल, पद्धत तीच: विकल्यानंतर उरलेल्या ओरच्या दुप्पट कोळसा हाती असला पाहिजे.

विकताना घाई करू नकोस. फुकट खात्याला एक्स्चेंजवर तीनच खाने मिळतात. एकात आयर्नची विक्री लाव, दुसऱ्यात कोळशाची खरेदी, तिसरा मोकळा ठेव, पुढे नेचर रूनसाठी लागेल. भाव पाडून विकायला लावलंस तर माल ताबडतोब जातो, पण समोर आधीच लावून ठेवलेल्या खरेदीच्या भावाने, आणि तो भाव कमी असतो. घेतानाही तसंच, चढ्या भावाने लावलं की समोरच्या विक्रेत्याच्या भावाने मिळतं. दोन्हीकडे घाई केलीस तर दोन्ही टोकांना थोडं थोडं गळतं. रात्री दोन्ही व्यवहार मधल्या भावाला लावून झोप, सकाळी बघ. खरेदीला दर चार तासांची एक मर्यादा असते, तीही रात्रीत निघून जाते. हे वाचणाऱ्या नव्या खेळाडूंसाठी एक सांगून ठेवते: नव्या फुकट खात्याला २० तास खेळ, १० क्वेस्ट पॉइंट आणि एकूण लेव्हल १०० होईपर्यंत काही कच्चे माल एक्स्चेंजवर विकता येत नाहीत. तुझ्याकडे ४,००० ओर आहेत म्हणजे तू त्याच्या पलीकडे गेला असणार.

तू लिहिलंयस की सुट्टीला एसटीने गावी जाताना खेळतोस आणि रेंज सारखी जाते-येते. मग काम त्याप्रमाणे वाटून घे. खोदणं घरी किंवा होस्टेलवर, नेट नीट असताना. एसटीत भट्टी, ऐरण आणि अल्केमी. व्हॅरॉकच्या पश्चिमेकडच्या बँकेच्या दक्षिणेला लागूनच ऐरणी आहेत. तिथे हातोडा एक आणि बार २५ घेतलेस की पाच प्लेटबॉडी होतात. मधेच नेट गेलं तरी नुकसान काही नाही. मॅजिक ५५ असेल तर त्याहून सोपं काम आहे. हाय अल्केमी हा वस्तूची नाणी करणारा मंत्र नोटांवरही चालतो. तीनशे प्लेटबॉडी नोट करून काढल्या की एक खाना, नेचर रून एक खाना, आगीची काठी हातात, म्हणजे फायर रूनही लागत नाहीत. एका प्लेटबॉडीचे १,२०० नाणी आणि ६५ मॅजिक अनुभव. त्यातून नेचर रूनचा खर्च वजा कर, आणि बाजारात प्लेटबॉडी विकून त्याहून जास्त मिळतंय का तेवढं आधी बघ. विल्डरनेसमध्ये, म्हणजे जिथे दुसरे खेळाडू मारू शकतात त्या भागात, मात्र माल घेऊन जाऊ नकोस. तिथे मेलास तर सगळ्यात महाग तीन वस्तू सोडून बाकी जातं, नोटासुद्धा जातात, आणि एजव्हिलच्या उत्तरेला हद्द पटकन ओलांडली जाते.

मग साठवायचं काहीच नाही का? साठवायचं, पण कोळसा. मिथ्रिलच्या बारला चार कोळसे लागतात, अ‍ॅडमंटला सहा, रूनाइटला आठ. म्हणजे मिथ्रिलच्या फेरीत पाच ओर, वीस कोळसे आणि बार पाच. अ‍ॅडमंटला चार आणि चोवीस, पिशवी काठोकाठ भरते आणि बार चार. वर चढशील तसा पिशवीतला मोठा हिस्सा कोळसाच खातो, म्हणून या खेळात कोळशाचा साठा कधी अंगावर पडत नाही. आयर्नचा पडतो. कोळसा खोदायला मायनिंग ३० हवं. बार्बेरियन व्हिलेजची खाण एजव्हिलच्या बँकेला जवळ पडते. ६० झालं की फॅलडॉरखालच्या मायनिंग गिल्डमध्ये जा, तिथे कोळशाचे खडक भरपूर आहेत आणि एक आटला की दुसरा शेजारीच असतो.

मायनिंगची लेव्हल वाढवायची म्हणून आयर्न खोदत असशील तर ते जमिनीवर टाकून दे. हे ऐकून जीवावर येतं, मला कल्पना आहे. पण आयर्नचा खडक काही सेकंदांत परत भरतो आणि बँकेपर्यंतच्या एका फेरीच्या वेळात तू कितीतरी ओर काढले असतेस. त्या वेळी तुला हवा असतो अनुभव, आणि तो खडक फुटताच मिळालेला असतो. फोनवर टॅप करून टाकण्याचा पर्याय चालू केला की पिशवी क्षणात रिकामी होते. माझा नियम असा, की खाणीत जाण्याआधी ठरवायचं, आजची फेरी मालासाठी की लेव्हलसाठी. मालासाठी असेल तर कोळसा आणि बँक. लेव्हलसाठी असेल तर आयर्न आणि जमीन.

पुढे मेंबरशिप घेतलीस तर हेच गणित आणखी खुलतं. कोळशाची पिशवी मिळते, मदरलोड माइन या खाणीत सोन्याचे १०० गोळे देऊन, आणि त्यात २७ कोळसे मावतात, तेही एकच खाना अडवून. ब्लास्ट फर्नेस या खास भट्टीवर कोळसा निम्माच लागतो, स्टीलला एक ओर आणि एकच कोळसा. मला सगळ्यात आवडते ती जागेवरच रूप बदलण्याची सोय. लाकूड पिशवीत रचत नाही, पण सुरीने तोडलं की साध्या लाकडाच्या १५ आणि ओकच्या ३० बाणकाड्या होतात आणि त्या सगळ्या एका खान्यात जातात. झाड तोडता तोडता सुरी चालवत राहायचं, पिशवी भरतच नाही, बँकेचं तोंडही बघावं लागत नाही. स्टीलचंही तसंच. एका बारचे चार तोफगोळे होतात. २७ बार आणि एक साचा घेऊन गेलास तर १०८ गोळे एका खान्यात घेऊन परत येतोस. न रचणारा माल जिथल्या तिथे रचणाऱ्या मालात बदलता येतोय का, हे मेंबर झाल्यावर प्रत्येक धंद्यात बघ.

बँकेची मांडणी बदल. तू ओरचा एक टॅब, लाकडाचा एक, कातड्याचा एक अशी केली असशील, बहुतेकांची तशीच असते. मी कामाप्रमाणे टॅब लावते. स्टीलच्या टॅबमध्ये आयर्न ओर, कोळसा, स्टील बार, हातोडा आणि तयार प्लेटबॉडी, याच क्रमाने शेजारी शेजारी. बँक उघडली की कोळसा ओरच्या दुप्पट आहे का, हे एका नजरेत कळतं. नसेल तर पुढची फेरी कसली मारायची हे आपोआप ठरतं. प्लेसहोल्डर चालू ठेव, म्हणजे एखादी वस्तू संपली तरी तिची जागा मोडत नाही. ज्या वस्तूचं कुठल्याच टॅबमध्ये काम नाही ती विकायची, हा माझा निकष. ‘कधीतरी लागेल’ म्हणून काही ठेवत नाही. एक्स्चेंजवर परत घेता येतंच.

तुझ्या बाकीच्या मालाला हाच निकष लाव. ओकची लाकडं फुकट खात्यात जाळण्यापलीकडे फारशी कामाची नाहीत. फायरमेकिंग वाढवायचं नसेल तर विकून टाक आणि त्या पैशाचाही कोळसा घे. कातडी अल खरीदला कमावून मिळतात, साध्या चामड्याला नगामागे एक नाणं, कडक चामड्याला तीन. क्राफ्टिंग करणार असशील तर सगळी एकदम कमावून घे, सुई आणि दोरा धरून एका फेरीत २६ चामडी बसतात. क्राफ्टिंग करायचं नसेल तर कच्चीच विक. साधी हाडं बँकेत आणायचीच नाहीत, जिथे पडली तिथे पुरायची. एका हाडाला ४.५ प्रेयर अनुभव, त्यासाठी खाना अडवण्यात अर्थ नाही.

तुझ्या जागी मी असते तर आज रात्री आयर्नची विक्री आणि कोळशाची खरेदी लावली असती, उद्या स्टीलचा टॅब मांडला असता आणि भट्टीला लागले असते. १,५१६ बारांच्या १६९ फेऱ्या होतात, एका बैठकीत संपवायच्या मागे लागू नकोस. तुझं खातं आयर्नमॅन आहे का, आणि मायनिंग, स्मिथिंग, अटॅक, मॅजिक या चारांची लेव्हल काय आहे, तेवढं कळव. आयर्नमॅन असशील तर तो सगळा कोळसा खोदावाच लागेल, मग कुठल्या खाणीत आणि कुठल्या कुदळीने, ते लेव्हल बघून सांगते.